विहिणीच्या पायांपाशी अडकलेली सीडी

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. ओढा होता, जांभळीची झाडं होती, मधाची पोळी होती. लाईटसुद्धा होती. ती कुठून आली ते विचारू नका. कधी जाते ते विचारा.

लाईट आली म्हणून टीव्ही आला. टीव्हीच्या मागोमाग सीडी प्लेअर आला. दोन्ही नागोजी अस्वलाच्या गुहेत. जंगलाचा राजा सिंह होता, पण सिंहाकडे प्लेअर नव्हता. त्यामुळे सकाळी सगळे सिंहाला नमस्कार करायचे आणि संध्याकाळी नागोजीला.

तुम्ही सीडी पाहिली नसेल. तुमच्या जन्माआधीच ती म्हातारी झाली. मोठ्या पुरीएवढी गोल, मधोमध भोक. एक बाजू साधी, दुसरी आरशासारखी चकचकीत. त्या चकचकीत बाजूवर अख्खं लग्न लिहिलेलं असतं. दिसत नाही, पण असतं. लग्नात बरंच काही असं असतं.

जंगलात लग्नाचं शूटिंग करायचा रमाकांत कोल्हा. शूटिंग करून तो घरच्या कॉम्प्युटरवर सीडी भरायचा आणि वरच्या बाजूला झेंडूच्या फुलांचं चित्र चिकटवून द्यायचा. त्याच्या बिळावर पाटी होती : 'आठवणी जपून मिळतील'.

तर त्या वर्षी साळिंदरांकडे लग्न झालं. कुंदा साळिंदर आणि दिगंबर साळिंदर. साळिंदरांच्या लग्नात चेंगराचेंगरी होत नाही. पाहुणे भरपूर येतात, पण आपापल्या काट्यांच्या मापाने अंतर ठेवून बसतात. आहेर लांबून देतात. गळाभेट तर सगळे टाळतातच.

पण एक रीत मात्र ते कडक पाळतात. मुलीच्या आईने विहिणीचे, म्हणजे मुलाच्या आईचे पाय दुधाने धुवायचे. आणि धुताना मान वर करायची नाही. मान वर केली तर तो विहिणीचा अपमान. साळिंदरांच्या सात पिढ्यांत कुणी मान वर केली नव्हती. सात पिढ्यांत कुणाकुणाचे पाय धुतले गेले असतील, हे त्यामुळे कुणालाच माहीत नव्हतं.

लग्न झालं. वरात गेली. मग रीतीप्रमाणे कुंदा मांडवपरतणीला माहेरी आली. आता सासरच्यांनी यायचं आणि तिला परत घेऊन जायचं. कुंदाने गाठोडं बांधून दारात ठेवलं.

सासरचे आले नाहीत. निरोप आला.

कुंदाच्या सासूबाई, ठकूबाई, म्हणाल्या होत्या, "माझे पाय धुतलेच नाहीत. जिथं पाय धुतले नाहीत त्या दारात मी सून आणायला येत नसते."

कुंदाची आई यमुनाबाई हे ऐकून ताठ झाली. साळिंदर ताठ झालं की आजूबाजूचे मागे सरतात.

"धुतले नाहीत? या हातांनी धुतले. शेरभर दूध ओतलं. चांगले रगडून पुसले."

"माझे नाही," असा परत निरोप.

"तुमचेच," असा परत परत निरोप.

निरोप नेऊन आणून सशाचे पाय सुजले. त्याचे कुणी धुतले नाहीत.

या सगळ्यात कुंदा माहेरी अडकली. रोज तिन्हीसांजेला ओढ्याच्या पलीकडे दिगंबर यायचा. आईच्या शब्दाबाहेर जाण्याची त्याची छाती नव्हती, म्हणून ओढा ओलांडायचा नाही. नुसता उभा राहून शेपटीचे काटे वाजवायचा. खुळखुळ. अलीकडून कुंदा वाजवायची. खुळखुळ. मग तो घरी जायचा आणि कुंदा गाठोड्यावर डोकं टेकून बसायची.

शेवटी नागोजी अस्वल म्हणाला, "भांडता कशाला? लग्नाची सीडी आहे ना? लावू. धुतले असतील तर दिसतील."

सगळ्यांना ते पटलं. खरं-खोटं करायला इतकं सोपं साधन असताना आपण उगाच सशाला पळवलं, असं सगळे म्हणाले. ससासुद्धा म्हणाला.

रमाकांतने सीडी आणून दिली. यमुनाबाईंनी ती दोन्ही हातांत घेतली, देवापुढे ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. नवी वस्तू घरात आली की आधी हळदकुंकू. घागर असो, सूप असो, जावई असो. बोट बुडवलं, काठापासून जरा आत, जिथे बोट सहज पडतं तिथे हळद टेकवली आणि हळदीवर कुंकू. कुठल्या बाजूला, विचारता? चकचकीत बाजूला. तोंड सोडून कुणी पाठीला कुंकू लावतं का?

हे लक्षात ठेवा, किंवा राहू द्या. जंगलात कुणीच ठेवलं नाही.

गुहेत गर्दी जमली. ठकूबाई आल्या नाहीत. त्यांनी नणंदेला पाठवलं. या नणंदबाईंना सगळे आत्याबाई म्हणत. गोल, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या कोपऱ्यात बसल्या आणि सुपारी कातरू लागल्या.

सीडी लागली. आंतरपाट आला, अक्षता पडल्या, बँडवाल्या बेडकांनी गाल फुगवले. मग पाट आला. चित्र जरा उडालं; पाटावर कोण बसलं ते दिसलंच नाही. यमुनाबाई खाली मान घालून पुढे आल्या. तांब्या तिरका झाला. दूध निघालं.

आणि हवेत थांबलं.

पडद्यावर चौकोन चौकोन झाले. यमुनाबाईंचा पदर एका चौकोनात, तांब्या दुसऱ्यात, दूध कुठेच नाही. प्लेअर आतून घुरघुरू लागला. नागोजीने बटण दाबून सीडी पुढे ढकलली, तर एकदम जेवणाची पंगत.

"पाय कुठायत?" मागून माकड म्हणालं.

नागोजीने टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. मग प्लेअरच्या. मग हाताला लागलं म्हणून माकडाच्या. पुन्हा लावली. पुन्हा तांब्या तिरका, पुन्हा दूध हवेत.

रमाकांतला बोलावलं. सीडी चालते की अडकते एवढंच तो बघायचा, तिच्यात कोण काय करतंय ते नाही. तो म्हणाला, "माझ्याकडे चालते."

मुलांनो, जगातल्या प्रत्येक कारागिराचं हे पहिलं वाक्य असतं. दुसरं वाक्य असतं, तुमच्याच वस्तूत दोष आहे. रमाकांतने तेही म्हटलं. "नागोजीराव, तुमच्या प्लेअरची लेन्स खराब आहे. आत डोळा असतो, त्यावर धूळ बसते. स्पिरिटने पुसा."

"माझ्या गुहेत धूळ?" नागोजी म्हणाला. त्याच्या अंगावरून बोलता बोलता थोडी पडली.

जंगलात स्पिरिट कुठलं? मोहाची होती. नागोजीने बाटली आणली, कापसाचा बोळा केला आणि एक थेंब लेन्सला लावला. उरलेली बाटली परत ठेवणं बरं दिसत नव्हतं म्हणून ती त्याने स्वतःच्या आत साफसफाईला वापरली. मग सीडी लावली. ती अडकली. पण नागोजीला ती चालतेय असंच वाटत राहिलं आणि तो बराच वेळ टाळ्या वाजवत होता.

रमाकांत घरी जाऊन विचार करून आला. "कारण सापडलं. सीडी घाईघाईत भरली गेली. कॉम्प्युटरला स्पीड फार होता. सावकाश भरली तर अडकणार नाही."

"मग सावकाश भर की," यमुनाबाई म्हणाल्या.

"माझ्याच्यानं होत नाही, मावशी. माझा हात मुळात चलाख."

म्हणून कॉम्प्युटरवर अप्पा कासवाला बसवलं. अप्पांनी आधी माऊसला हात लावला. मग विश्रांती घेतली. मग बटण दाबायचं की नाही यावर थोडा विचार केला. सीडी भरून होईस्तोवर जांभळीला नवी पालवी आली. जंगलात इतकी सावकाश भरलेली सीडी कधी झाली नव्हती. यमुनाबाईंनी कौतुकाने तिला हळदकुंकू लावलं, काठापासून जरा आत, आणि सगळे गुहेत जमले.

तांब्या तिरका. दूध हवेत.

"मला वाटतं, मी जरा घाई केली," अप्पा म्हणाले.

मग रमाकांत म्हणाला, कोरी सीडीच हलकी असणार. नदीपलीकडच्या बाजारातून चांगली, भारी सीडी आणली. इतकी चांगली की रमाकांतला ती भरायला जीव होईना. भरली. भारी वस्तू म्हणून यमुनाबाईंनी हळदकुंकूही जरा भारी लावलं. आता तांब्या तिरका व्हायच्या आधीच सगळं अडकलं.

"माल चांगला आहे," नागोजी म्हणाला. "लवकर अडकतो."

आता मात्र लोक बोलू लागले. ठकूबाईंच्या घरी बोलणं झालं की, सीडी नेमकी तिथंच अडकते म्हणजे यमुनाबाईंनीच कोल्ह्याला सांगून अडकवली. यमुनाबाईंच्या घरी बोलणं झालं की, ठकूबाईंनी सांगितलं असणार. एका गोष्टीत मात्र दोन्हीकडचं म्हणणं सारखं होतं : कोल्हा वाईट. सशांनी बारशाचं शूटिंग रद्द केलं. मोराने आपल्या नाचाचं रद्द केलं, आणि मोर शूटिंग रद्द करतो म्हणजे किती झालं पाहा.

आणि तिकडे ओढ्यापलीकडची खुळखुळ रोज थोडी थोडी बारीक होत चालली. एके संध्याकाळी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, दिगंबरला आईने पलीकडच्या टेकडीवर मामाकडे पाठवायचं ठरवलंय. फार दिवस सून येत नसेल तर पोराने तरी घरी बसून काय करायचं?

कुंदाने तो निरोप ऐकला. दुपारी आई झोपल्यावर ती देवापुढची सीडी घेऊन अंगणात बसली. सहज सीडीत तोंड पाहिलं. तिला आपल्या कपाळावर दोन कुंकवं दिसली. एक आपलं. दुसरं जरा वर, डाव्या भुवईवर.

तिने भुवईवर हात फिरवला. कुंकू पुसलं गेलं नाही. मग सीडीवर बोट फिरवलं. पुसलं गेलं.

कुंदाने बोटाकडे पाहिलं, मग सीडीकडे.

मग तिने जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा घेतला. मधून काठाकडे, अलगद, सगळी सीडी पुसली. आणि निघाली गुहेत. नागोजी जेवून घोरत होता. तिने आवाज बंद करून सीडी लावली.

आंतरपाट, अक्षता, बेडूक. पाट आला. पाटावर ठकूबाई येऊन बसल्या. यमुनाबाई दूध आणायला वळल्या. आणि ठकूबाई उठल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पदर सावरत थेट मांडवामागे, आचाऱ्याच्या पातेल्यांकडे. तेवढ्यात आत्याबाई आल्या. पाय दुखत असावेत. रिकामा पाट दिसला म्हणून टेकल्या. यमुनाबाई परत आल्या, मान खाली. समोर पाय दिसले. धुतले. दूध वाहिलं, एकदाही न अडकता. रमाकांतला काय वाटलं कोण जाणे, त्याने कॅमेरा मांडवामागे फिरवला. तिथे ठकूबाई श्रीखंडाच्या पातेल्यात बोट घालून उभ्या. बोट तोंडात गेलं. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की देवाच्या मूर्तीला हेवा वाटावा.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. ठकूबाई लग्नानंतर सगळ्या जंगलाला सांगत होत्या की विहिणीची पंगत बसेपर्यंत मी पाण्याचा थेंब घेतला नाही. मुलाच्या आईने आग्रह झाल्याशिवाय काही तोंडात घालायचं नसतं. हीसुद्धा रीत.

कुंदाने सीडी बाहेर काढली. विचार करू लागली. आईला सांगावं, तर आई लाजेने मान वर करणार नाही. तशी ती सवय तिला आधीपासूनच होती. सासूबाईंना दाखवावं, तर पाय धुतले नाहीत हे खरं ठरेल आणि श्रीखंड तर त्याहून खरं. मग जन्मभर त्या घरात काय नांदायचं?

तिने आपल्या कपाळावरचं थोडं कुंकू बोटावर घेतलं. सीडीवर, त्याच जागी, नखाएवढं टेकवलं. लावून पाहिलं. जरा पुसलं, जरा सरकवलं. पुन्हा पाहिलं. नागोजी कूस बदलून घोरू लागला तेव्हा ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने ठकूबाईंना निरोप धाडला. "सासूबाई, आमच्या दारात नका येऊ. नागोजीमामांच्या गुहेत या. एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा. मग यांना टेकडीवर मामांकडे पाठवा नाहीतर आजोबांकडे."

ठकूबाई आल्या. बरोबर दिगंबर, बरोबर आत्याबाई. जंगल झाडून आलं.

सीडी लागली. तांब्या तिरका झाला. दूध निघालं. पाटावर कोण बसलंय ते याही वेळी चौकोनांत हरवलं होतं, पण दूध मात्र हवेत थांबलं नाही. खाली पडलं, पायांवर. नुसते पाय दिसले. मग चौकोन चौकोन झाले, प्लेअर एकदा खोकला, आणि पडद्यावर एकदम आला ठकूबाईंचा चेहरा. डोळे मिटलेले. समाधान पसरलेलं.

सगळ्या गुहेने माना पुढे काढल्या.

"धुतले की हो," माकड म्हणालं.

"धुतले, आणि आवडलेसुद्धा," नागोजी म्हणाला.

ठकूबाई आपल्याच चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे पाय त्यांना काही सांगत होते. पण पडदा मोठा होता, आणि पाय बारीक. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आठवण येऊ लागली.

"आठवलं गं बाई," त्या म्हणाल्या. "गर्दीत डोक्यातून गेलं होतं. दूध अगदी गार होतं. अंगावर काटा आला होता माझ्या."

"गार नव्हतं, कोमट होतं," कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या.

ठकूबाईंनी मान वळवली. "तुम्हाला काय माहीत, वन्सं?"

"नाही, आपला अंदाज," आत्याबाई म्हणाल्या आणि सुपारी तोंडात टाकली.

"गारच होतं," ठकूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "टाचेपासून गार. विहीणबाईंनी कसे प्रेमानं धुतले, मला अजून जाणवतंय. चला, सूनबाई, गाठोडं कुठाय?"

यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दिगंबरने शेपटी वाजवली, इतकी की शेजारचे मागे सरले. सगळं गोड होणार, एवढ्यात गुहेच्या तोंडाशी धावत, धापा टाकत कोण यावं? रमाकांत.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. त्याच्या हातात नवी सीडी होती. "शेवटी कारण सापडलं. चकचकीत बाजूला डाग पडला की अडकते. ही बघा, कुणाचं बोट लागलेलं नाही. भरली ती थेट घेऊन आलो. माझ्या धंद्यावरचा डाग आज पुसला जाणार."

कुंदा प्लेअरसमोर जाऊन उभी राहिली.

"नको रे," ती म्हणाली. "सगळं झालं. लाईटसुद्धा जायची वेळ झाली."

त्या दिवशी मात्र लाईट गेली नाही. गरज असते तेव्हा ती कधीच जात नाही. रमाकांतने सीडी लावली.

ती काय सुरेख चालली, मुलांनो. पाण्यासारखी. ठकूबाई पाटावर बसल्या. उठल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आत्याबाई टेकल्या. दूध वाहिलं. पातेलं आलं. बोट आलं. श्रीखंडातलं केशरसुद्धा ओळखू येत होतं. रमाकांतच्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम काम होतं.

तो अभिमानाने वळला. "एकदा तरी अडकली?"

आत्याबाई गुहेचं छत निरखत होत्या. यमुनाबाईंची मान इतकी खाली गेली की जणू त्या अजून कुणाचे तरी पाय धुताहेत. सगळे काटे ठकूबाईंकडे रोखलेले. जरा वेळापूर्वीच त्यांना दूध टाचेपासून गार लागलं होतं.

ठकूबाई सावकाश म्हणाल्या, "रमाकांत, ही सीडी तू कुठं भरलीस?"

"घरी, काकू."

"एकट्यानं?"

"हो."

"अडकत नाही?"

"मुळीच नाही."

"तिथंच ओळखलं मी," ठकूबाई म्हणाल्या. "अरे, खरं लग्न कुठं असं सुरळीत होतं? बँड अडकतो, भटजी अडकतात, वरात ओढ्यात अडकते. अडकत नाही ते लग्न नव्हे, नाटक. कॉम्प्युटरमध्ये काय काय जोडता येतं ते आम्हाला ठाऊक आहे. आमच्या वन्संना पाटावर बसवलंस, मला श्रीखंडात घातलंस. चेहरा तेवढा चोरलास त्या खऱ्या सीडीतून."

"काकू, मी स्वतः शूटिंग केलं."

"काकूंचं खरं आहे," नागोजी म्हणाला. त्याला श्रीखंड बघून भूक लागली होती आणि विषय संपवायचा होता. "अस्सल माल अडकतोच. माझा प्लेअर बघा."

"मी भरलेली अडकली होती," अप्पा कासव समाधानाने म्हणाले.

माकडंही म्हणाली, बरोबर आहे, आम्हाला ती पाण्यासारखी चालली तेव्हाच शंका आली. रमाकांत सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या कामात खोट नाही, हीच त्याची खोट निघाली.

ठकूबाई उठल्या. प्लेअरमधून ती सीडी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली आणि यमुनाबाईंपुढे धरली.

"विहीणबाई, मान वर करा."

यमुनाबाईंनी मान वर केली. साळिंदरांच्या सात पिढ्यांत पहिल्यांदाच एका विहिणीने दुसरीचा चेहरा नीट पाहिला. ठकूबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. श्रीखंडाइतकं नाही, पण जवळपास.

"नवी वस्तू आहे," ठकूबाई म्हणाल्या. "तशीच कशी ठेवायची? हळदकुंकू लावा."

यमुनाबाईंनी बोट हळदीत बुडवलं.

"एका बोटानं काय होतंय?" ठकूबाई म्हणाल्या. "पंजा लावा."

कुंदा त्याच संध्याकाळी सासरी गेली. ओढा ओलांडताना दोघांचे काटे असे वाजत होते की बेडकांना वाटलं, दुसरा बँड ठरवला.

रमाकांतचा धंदाही पुढे जोरात चालला. बिळावरची पाटी त्याने बदलली : 'आठवणी जपून मिळतील. हळदकुंकू लावून मिळतील.' मुलीच्या आया येतात आणि कानात सांगतात, आहेराच्या वेळी जरा अडकू दे. मुलाच्या आया येतात आणि सांगतात, नवरा मुलगा नाचला तिथं चौकोन कर. कोल्हा आपला मान हलवतो. माझ्याकडे चालते, एवढं वाक्य मात्र तो आता कुणापुढे बोलत नाही.

तात्पर्य : सीडी अडकू लागली तर मऊ कापडाने मधून काठाकडे पुसावी, ती हमखास चालते. मात्र पुसण्याआधी तिच्यात कोणाकोणाची लग्नं आहेत ते बघावं. सत्य नेहमी लख्ख ठेवावं असं थोर लोक सांगतात. थोर लोकांना विहिणी नसाव्यात.